तेनेरचा पाढा

आमच्या स्पॅनिशच्या क्लासात खोटं बोलायला बंदी होती. तुम्ही म्हणाल, त्यात काय विशेष, 'नेहमी खरे बोलावे' हे तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. तसं नव्हे. सरांचं म्हणणं असं, की शिकण्यापुरतं म्हणूनसुद्धा खोटं वाक्य करायचं नाही. पुस्तकात 'माझ्याकडे घोडा आहे' असं वाक्य असलं आणि तुमच्याकडे घोडा नसला, तर ते वाक्य डोळ्यांनी वाचायचं, तोंडानं म्हणायचं नाही. "ज्याच्याकडं घोडा हाय त्यो म्हणंल की," सर म्हणायचे. "तुझ्याकडं काय हाय ते सांग."

बरं, नुसतं सांगून भागायचं नाही. सर तपासायचे.

कऱ्हाटीहून एकजण यायचा. घरची वांगी-टोमॅटोची शेती, डोक्यानं हुशार, पण जिभेला हाड नाही. त्यानं एकदा ठोकून दिलं, 'तेंगो दोस बूफालास', माझ्याकडे दोन म्हशी आहेत. सर रविवारी सकाळी आपल्या जुन्या मोपेडवर बसून थेट कऱ्हाटीला गेले आणि त्याच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. म्हैस एकच होती. दुसरी पाहुण्यांची, त्यांच्याकडे वैरण संपली म्हणून महिनाभर आणून बांधलेली. त्याच्या आईला वाटलं, जनावरांचा डॉक्टर आला. तिनं चहा केला, वर म्हशीचा मागचा पाय दाखवला. सरांनी चहा घेतला, पाय बघितला, "मला ह्यातलं काय कळत न्हाय," असं सांगितलं आणि परत आले. सोमवारी त्याच्या वहीतल्या 'दोस'वर लाल रेघ.

"उना," सर म्हणाले. "एक. दुसरी हाय, पण ती तुझी न्हाय."

हा क्लास बारामतीजवळ जळोचीत भरायचा. सरांच्या घराला लागून पत्र्याची शेड होती, अर्ध्या शेडेत खताच्या गोणी आणि अर्ध्या शेडेत आम्ही सातजण. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की डोक्यातली क्रियापदांची सगळी रूपं वितळून जायची. सर अंगात कारखान्याचा खाकी शर्ट घालायचे, निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी तोच. खिशात पेन नाही, विजेचा टेस्टर. फळ्यावरचं काहीही दाखवायचं तर टेस्टरनं दाखवायचे. नव्या माणसाला वाटायचं, फळ्यात करंट आहे.

कारण सर मुळात शिक्षक नव्हतेच. बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर होते. तिथं एकदा स्पेनवरून पॅकिंगचं मशीन आलं. बरोबर हे एवढं जाड मॅन्युअल, सगळं स्पॅनिशमध्ये. कुणीतरी शहाणा उठला, चित्रं बघून अंदाजानं सांगत सुटला की हे असं कर, ते तसं कर. ज्यानं अंदाज सांगितला त्याची दहाही बोटं शाबूत राहिली. ज्यानं ऐकलं त्याचं अर्धं बोट गेलं. ते बोट सरांनी स्वतः रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेलं होतं. त्यानंतर त्यांनी पुण्याला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून स्पॅनिशचा शब्दकोश आणला, आणि दीड वर्षं, रोज पाळी संपली की एक पान, असं करत ते आख्खं मॅन्युअल लावलं.

"मॅन्युअलमधी खोटं वाक्य नसतंय," ते आम्हाला सांगायचे. "असलं, तर कुणाचंतरी बोट जातंय."

मॅन्युअल संपलं, पण सरांना चैन पडेना. मॅन्युअलमध्ये नुसतं हे करा, हे करू नका, नाहीतर आहे आणि नाही. "म्हटलं, ह्या लोकांना काल हाय का न्हाय, उद्या हाय का न्हाय, ते तरी बघावं," सर म्हणायचे. मग व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि त्यात काल सापडला, उद्या सापडला, जर-तर सापडलं, आणि सर कायमचे वाया गेले. हे 'वाया गेले' माझं नाही, त्यांच्या बायकोचं आहे. काकू आतून ऐकत असायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "गेले वाया, दुसरं काय."

तिन्हीसांजेला क्लास. पूर्वी घराघरांतून दिवेलागणीला पोरांचा परवचा चालायचा, पाढे म्हणायचे, तसाच आमचा. फक्त पाढा बे एकं बे नाही, तेनेरचा. तेनेर म्हणजे जवळ असणं. सर एका तालात सुरू करायचे, "तेंगो, तिएनेस, तिएने," आणि आम्ही पुढं, "तेनेमोस, तेनेइस, तिएनेन." माझ्याकडे आहे, तुझ्याकडे आहे, त्याच्याकडे आहे, असं सगळ्या गावाकडे आहे होईपर्यंत. मग काल. तुवे, तुविस्ते, तुवो. मग पूर्वी असायचं ते, तेनिया, तेनियास, तेनिया. मग उद्याचं, तेंद्रे, तेंद्रास, तेंद्रा. शेजारची लहान पोरं अंगणात लंगडी खेळताना आमचा पाढा म्हणायची, आणि अंक विसरला तर खुशाल तेंगो-तिएनेसवर राज्य द्यायची.

पहिले चार महिने आम्ही फक्त हे एकच क्रियापद शिकलो. मी वैतागले होते. एक दिवस म्हणालेच, "सर, बाकीची क्रियापदं कधी?"

"हे पक्कं झालं का?"

"झालं की."

"मग सांग, तुझ्याकडं काय हाय आन् काय न्हाय. खरं खरं. हे ज्याला सांगाय येतं त्याचं बाकीचं सोपं असतंय."

हे क्रियापद त्यांना आवडायचं, त्याचं कारणही ते सांगायचे. मराठीत आपल्याला भूक लागते, भीती वाटते, वय होतं. ह्या लोकांकडे भूक असते, भीती असते, वयसुद्धा त्यांच्याकडे असतं. "म्हंजे आपल्यासारखं न्हाय, की भूक आली आन् लागली," सर टेस्टर हलवत म्हणायचे. "हाय तर हाय म्हणायचं. माझ्याकडं भ्या हाय. कबूल करायचं."

उद्याच्या वाक्याची मात्र अडचण होती. उद्याचं वाक्य आज खरं कसं असेल? त्यासाठी सरांनी एक वेगळी वही केली होती. 'माझ्याकडे असेल' असं कुणी म्हणालं, की ते वाक्य तारखेसकट वहीत उतरायचं, आणि त्या तारखेला सर हजर. आमच्यातल्या एकानं, तो दूध डेअरीत कामाला होता, लिहून दिलं की दसऱ्यापर्यंत माझ्याकडे नवी मोटारसायकल असेल. लिहिलं आणि विसरला. दसऱ्याला सकाळी सात वाजता सर त्याच्या दारात, हातात झेंडूचा हार, पूजेला नारळ. गाडी कुठंय म्हणाले. गाडी कुठली? दारात वडिलांची जुनी सायकल. सरांनी हार सायकलला घातला, नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि जाताना वहीत फुली मारली. पुढं वर्षभर त्या माणसानं भविष्यकाळात तोंड उघडलं नाही.

आणि 'असावं, असू दे' असं जे म्हणायचं असतं, इच्छेचं, त्याचं रूप वेगळं. ओहाला तेंगा. देव करो आणि माझ्याकडे असो. आम्हाला वाटलं, चला, इच्छेत तरी खोटं-खरं काही नाही. सरांनी तिथंही पकडलं. एक मुलगी म्हणाली, देव करो आणि मला सरकारी नोकरी असो.

"ही तुझी इच्छा का तुझ्या वडलांची?" सर म्हणाले.

ती हळूच म्हणाली, "वडलांची."

"मग तसं म्हण. लोकं दुसऱ्याची इच्छा आपली म्हणून सांगत्यात. समद्यात जास्त खोटं तितंच असतंय बघ."

मी या क्लासात का गेले, तर माझं बी.कॉम. झालेलं, नवरा एमआयडीसीत पाळीवर, मुलगी अंगणवाडीत. कुणीतरी सांगितलं की स्पॅनिश येत असेल तर पुण्याच्या कंपन्या घरी बसून काम देतात. ते खरं निघालं. आज मी ते काम करते, कानाला हेडफोन लावून स्पॅनिश बोलणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकते. माझ्याबद्दल आमच्या साहेबांची एकच तक्रार आहे. बाकीचे पटकन सांगून टाकतात, तुमचं पार्सल उद्या येईल. मला ते जमत नाही. मी म्हणते, थांबा, बघते. आणि खरंच बघते. साहेब म्हणतात, तुमचा वेग कमी आहे. त्यांना काय सांगू, मी कुणाच्या हाताखालून गेले आहे ते.

आता जे सांगणार आहे ते माझ्या घरचं आहे.

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. चार एकर, कॅनॉलचं पाणी, डाळिंबाची बाग. मी क्लास लावला त्याच्या दोन वर्षं आधी आमचे आण्णा गेले. मागं आई आणि धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे माझ्या कडेवर वाढलेला. क्लासात एक दिवस 'नाही'ची वाक्यं चालू होती आणि माझी पाळी आली. मी सहज म्हणाले, 'नो तेंगो तिएर्रा.' माझ्याकडे जमीन नाही. त्यात मला काही लपवायचं नव्हतं की मिरवायचं नव्हतं. लग्न झालेल्या बाईकडे जमीन नसते, जसा घोडा नसतो.

सरांनी विचारलं, "वडलांची व्हती का?"

"होती. चार एकर."

"आन् वडील?"

"दोन वर्षं झाली."

सरांनी गावाचं नाव आणि आण्णांचं नाव विचारून घेतलं. मला वाटलं, आता मोपेड घेऊन इंदापूरला जातील की काय. पण त्यासाठी कुठं जायला लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. आमच्या शेताचा सातबारा. आण्णांचं नाव कंसात गेलेलं, म्हणजे कमी झालेलं, आणि त्याखाली तीन नावं. आईचं, भावाचं आणि तिसरं माझं, सासरच्या आडनावासकट. सरांनी टेस्टरचं टोक माझ्या नावावर ठेवलं.

"हे कोण?"

आण्णांच्या तेराव्यानंतर तलाठ्याकडे द्यायचं म्हणून भावानं एका कागदावर माझी सही घेतली होती. वारसांची नोंद. मी न वाचता सही केली होती, कारण भावानं पुढं केलेला कागद कुणी वाचत नाही. मला खरंच ठाऊक नव्हतं. वीस मिनिटं मी त्या मोबाईलकडे बघत बसले. आण्णांच्या नावाखाली माझं नाव. लहानपणी त्यांच्याबरोबर बागेला पाणी धरायला जायची तेव्हा ते म्हणायचे, मागं मागं चल, चिखलात पाय घालू नको. अगदी तसंच, त्यांच्या मागं.

"वाक्य खोटं हाय," सर म्हणाले. "'नो' खोड. आन् म्हण पाच वेळा."

मी पाच वेळा म्हणाले. तेंगो तिएर्रा. पाचव्या वेळी मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला, की एवढ्यात रडायचं काय?

महिन्याभरात भावाचा फोन आला. "ताई, सातबारा साफ करून घेऊ. हक्कसोडपत्र करायचंय. मंगळवारी इंदापूरला ये. तासाभराचं काम हाय."

आता हक्कसोड म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. बहिणीनं भावासाठी आपला वाटा सोडायचा. सोडला की माहेर उघडं, दिवाळीला साडी, भाऊबीजेला ताट. नाही सोडला की बहीण वाईट. कुणी जबरदस्ती करत नाही. गरजच पडत नाही. आईनं फोनवर एवढंच म्हटलं, "माझं डोळं मिटायच्या आत तेवढं करून टाक बाई. नायतर उद्या माझ्या माघारी तुमच्यात वाकडं येईल." नवरा म्हणाला, तुझं तू बघ. मला ती जमीन कसायची नव्हती, विकायची नव्हती. मला फक्त तिथं माझं नाव राहायला हवं होतं. पण हे भावाला सांगायचं कसं? नुसतं नाव हवंय म्हटलं तर कुणाला पटतं का?

दोन साक्षीदार लागतात. भाऊ म्हणाला, "एक माझ्याकडचा. एक तुझ्याकडचा आण, म्हणजे उद्या कुणी बोलाय नको." नवऱ्याची पाळी होती. मी सरांना विचारलं. खरं सांगायचं तर मला दुसरी माणसं मिळाली असती. पण मला हवं होतं की कुणीतरी मला अडवावं, आणि ते मी स्वतः करू शकत नव्हते. भित्री होते मी. माझ्याकडे भीती होती, आणि मी ती कबूल करत नव्हते.

सर लगेच हो म्हणाले. एसटीनं आम्ही इंदापूरला गेलो. वाटेत त्यांनी काहीच विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कचेरीबाहेर झाडाखाली दस्त लिहिणाऱ्यांची टेबलं असतात. तिथं भाऊ, आई आणि भावाचा एक मित्र आधीच येऊन बसले होते. दस्त तयार होता. भावानं सरांना खुर्ची दिली, चहा सांगितला, पेन पुढं केलं.

"सर, हितं सही."

"वाचतो की," सर म्हणाले.

आणि त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचायला घेतला. मोठ्यानं म्हणजे पाढा म्हणतात तसा. गट नंबर, चारी बाजूंच्या हद्दी, सगळं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. भाऊ कसनुसा हसला. वाचता वाचता सर एका ओळीवर थांबले. टेस्टर काढला आणि त्या ओळीखाली धरला.

"'मी हे हक्कसोडपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.' हे 'मी' म्हंजे कोण?"

"ताई," भाऊ म्हणाला.

सर माझ्याकडे वळले. "हे वाक्य खरं हाय का?"

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "हो."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "खोटं हाय. मी सही करणार न्हाय."

भाऊ उठलाच. "सर, हे तुमचं स्पॅनिश न्हाय!"

"व्हय, न्हाय. हे मराठी हाय. हितं तर खरं बोलाय कुणाची अडचण नसावी."

"ती हो म्हणाली की! तुमाला काय करायचंय? घरोघरी हेच चालतंय. तुमच्या घरात न्हाय झालं? तुमच्या बहिणीनं न्हाय दिलं सोडून?"

भावाला सरांच्या घरचं काही माहीत नव्हतं. त्यानं रागात बोलून टाकलं, कुणीही बोलेल तसं. सर खुर्चीत नीट बसले.

"दिलं," ते म्हणाले. "एकतीस वर्सं झाली. अक्का माझी. तिला मीच आणलं व्हतं, असंच कचेरीत. तिला वाचाय येत न्हाय. असाच कागद व्हता आन् हेच वाक्य व्हतं. तिनं मला इचारलं, ह्यात काय लिवलंय रं? मी म्हणालो, काय न्हाय, सरकारी कागद हाय, आपल्या आबाच्या माघारी करावा लागतो. तिनं अंगठा दिला. सहा महिन्यांनी तिला दुसऱ्याकडनं कळलं. माझं घर हाय, ती शेड हाय, ती तिच्या वाट्यावर हाय. मला ठावं व्हतं. अंगठा उठताना ठावं व्हतं."

भावाच्या मित्रानं चहाचा कप खाली ठेवला. मी सरांकडे बघत होते. इतके महिने मी ज्या माणसाकडून खरं बोलायला शिकत होते, तो त्या शेडेत रोज कसा उभा राहत असेल, हे मला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. मला त्यांचा राग आला. तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर, प्रचंड राग आला. त्या अक्कासाठी आला. आणि त्याच रागात मी दस्त लिहिणाऱ्या काकांना म्हणाले, "काका, ते वाक्य काढा."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठलं?"

"राजीखुशीचं. बाकी ठेवा, मी सही करते. ते तेवढं काढा."

"ताई, ते काढलं तर कागदच राहत न्हाय."

"मग नको कागद," मी म्हणाले.

मला वाटलं होतं की आभाळ कोसळेल. तसं काही झालं नाही. आईनं कपाळाला हात लावला. भाऊ कागद गोळा करू लागला. मी म्हणाले, "अरे, मला काही नको. बाग तूच कर, डाळिंबं तूच घे. माझं नाव तेवढं राहू दे." तो म्हणाला, "मग ऱ्हाऊ दे की नाव. नावाकडंच ये दिवाळीला." आईला गाडीवर मागं बसवलं आणि गेला. आई वळून बघत होती, वळण येईपर्यंत.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो, पण मी खिडकीकडे तोंड करून. निमगाव केतकी गेलं. लासुर्ण्याला गाडी थांबली तशी सर उठले.

"इथं कुठं?" मी विचारलं.

"अक्का हितं असती," ते म्हणाले आणि उतरले. हातात पिशवी नाही, काही नाही. नुसता खाकी शर्ट.

तीन दिवस क्लास बंद होता. काकूंनाही ते कुठं आहेत हे माझ्याकडूनच कळलं. त्या रोज संध्याकाळी शेडेचं कुलूप काढून झाडून घ्यायच्या आणि परत लावायच्या. चौथ्या दिवशी मी गेले तर सर शेडेत बसले होते, एकटेच. बाकीचे अजून यायचे होते. माझा राग तोवर गेला नव्हता. तरी मी विचारलं.

"भेटल्या?"

"भेटली. वाढलं मला. तीन दिस दोन्ही टायमाला वाढलं, पर माझ्याबरूबर जेवाय बसली न्हाय."

"जमिनीचं?"

"म्हणालो, अक्का, अर्धी तुझ्या नावावर करून देतो, चल कचेरीत. तर म्हणाली, आता मला जमीन नको. मी त्या दिशी तुला इचारलं व्हतं. तवा सांगायचं व्हतंस."

बाहेर लंगडीची पोरं ओरडत होती. सरांनी विचारलं, "तुझ्या भावाचा फोन आला का?"

"नाही."

"इतक्यात यायचा न्हाय," सर म्हणाले. "मला लासुर्ण्याला उतराय एकतीस वर्सं लागली."